गावाला निघण्याआधी घर कसं बंद करावं आणि घाट कसा उतरावा

दिवाळीत गावाला जायचं असेल तर घर आदल्या रात्रीच बंद करायला घ्या. पहाटे डबे भरणं चाललेलं असतं, पोरं पेंगत असतात, आणि त्याच गडबडीत गॅस, नळ, कुलूप आठवायला बसलात तर काहीतरी राहणारच. ते बरोब्बर घोटी मागे पडल्यावर आठवतं. माझी सगळी नोकरी एसटीच्या स्टेअरिंगवर गेली, आता नाशिकला सिडकोत घरी असतो. सोसायटीतली सुट्टीला निघणारी मंडळी पाहिली की वाटतं, यांना चोराचं आणि घाटाचं भय आहे, पण घाईचं अजिबात नाही.

शेगडीची बटणं बंद केली म्हणजे गॅस बंद झाला असं समजू नका. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून वर प्लास्टिकची टोपी लावा. गिझर आणि टीव्हीचे प्लग काढा, वॉशिंग मशीनचा नळ फिरवून बंद करा. आकाशकंदिलाची वायर तर न विसरता काढा. लोक तो मागे पेटता ठेवून जातात, घरात कोणीतरी आहे असं दिसावं म्हणून. भर दुपारीही जळणारा कंदील उलट चुगली करतो. त्यापेक्षा शेजारच्या काकूंकडे किल्ली द्या आणि संध्याकाळी तासभर दिवा लावायला सांगा. दूध आणि पेपर बंद करायचं सगळ्यांना ठाऊक असतं, पण कुरिअरवाल्याचा खोका दारात चार दिवस पडून राहतो, त्याचंही त्यांना सांगून ठेवा.

गॅलरीत वाळत घातलेले कपडे, रद्दी, दसऱ्याचं सुकलेलं तोरण काढून टाका. लक्ष्मीपूजनाच्या रात्री कुणाचं रॉकेट कुठे शिरेल सांगता येत नाही, आणि बंद घरात ठिणगी विझवायला कोणी नसतं. पूजेतलं सोनं बँकेच्या लॉकरमध्ये. व्हॉट्सॲपचं स्टेटस परत आल्यावर टाका, फोटो कुठे पळून जात नाहीत.

आता गाडी. हवा टायर थंड असतानाच तपासा. किती भरायची ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी इतका जुना टायर एकदा जाणत्याला दाखवा. स्टेपनीतही हवा असू द्या. ती गरज पडेपर्यंत कुणाला आठवत नाही.

मुंबईकडे निघालात तर कसारा घाट. घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हा आमचा जुना नियम. सगळा उतार ब्रेकवर पाय दाबून गाडी आणली की ब्रेक तापतात, आणि तापलेला ब्रेक ऐन वळणावर दगा देतो. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला सोडणारे महाभाग आहेत. त्यांच्या शेजारी बसू नका. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर लावायची सोय असते, ती सपाट रस्त्यावरच शिकून घ्या. धुकं असेल तर हेडलाइट डिपरवर ठेवा. अप्पर लावला की धुकंच उजळतं, रस्ता दिसत नाही.

पुण्याच्या रस्त्याला सिन्नर सोडलं की माझं लक्ष उसाच्या ट्रॉल्यांवर. गाळप सुरू झालं की संगमनेरच्या बाजूला रात्री जोडट्रॉल्या चालतात. मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, आणि पुढच्या ट्रॉलीला ओव्हरटेक केल्यावर तिलाच जोडलेली आणखी एक होती हे कळतं. शक्यतो दिवसाउजेडी निघा. मध्यरात्रीनंतरचे तीन-चार तास तर नकोच. चहा पिऊन झोप पुढे ढकलली जाते, जात नाही. डोळे जड झाले की पेट्रोल पंपावर गाडी लावा आणि सरळ झोपा.

समृद्धीवर सरळ काँक्रीट आणि कारला ताशी १२० ची मुभा, त्यामुळे हाताला काम उरत नाही आणि सुस्ती येते. तासा-दीड तासाने सुविधा असेल तिथे उतरून पाय मोकळे करा. दुचाकीला तिथे बंदी आहे. गाडी बंद पडली तर सगळ्यांना कठड्यापलीकडे उभं करा आणि मगच फोन लावा. गाडीत बसून राहणं सगळ्यात वाईट. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, अँब्युलन्ससाठी १०८, बाकी कशालाही ११२. हे नंबर पोरांनाही पाठ करून घ्या. मागच्या सीटवरही पट्टा लावायचा. आजीला पट्टा टोचतो, मान्य, तरी लावायचा. लहान मूल पुढे मांडीवर घेऊन बसायचं नाही, ते कितीही रडलं तरी.

परतल्यावर दार उघडून आधी वास घ्या. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावू नका, चालू करायलाही नाही आणि बंद करायलाही नाही. हा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली जमिनीलगत साचतो. दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि जिना उतरून लांब जाऊन गॅसगळतीच्या १९०६ नंबरला फोन करा. त्यांचा माणूस येईपर्यंत बॅगा बाहेरच राहू द्या.