बातमीचा माग ठेवणारा इंटरफेस डिझाइन करताना

पत्रकारांसाठी टूल करायचं म्हटलं की नवखा डिझायनर आधी डॅशबोर्ड काढतो: आलेख, नकाशा, रंगीत शब्दांचे ढग. दिसतं छान, पण बीट, म्हणजे बातमीदारीचा ठरलेला विषय, सांभाळणाऱ्या माणसाला आपला विषय तोंडपाठ असतो. त्याला कळायला हवं ते इतकंच: मी शेवटचं पाहिल्यानंतर नवीन काय आलं आणि ते आधी कोणी दिलं?

म्हणून स्केचच्या आधी पत्रकाराशेजारी बसा, तेही डेडलाइनच्या तासाला. ‘काय हवंय’ असं विचारू नका. कालच्या बातमीचा माग कसा काढला ते करून दाखवायला सांगा. कुठल्या टॅब उघड्या आहेत, कुठून काय कॉपी होतंय, हे टिपून घ्या.

सगळ्यात जास्त मेहनत बातम्यांच्या यादीतल्या एका ओळीवर घ्यावी लागते. मथळा, स्रोत आणि वेळ. यातली वेळच घोटाळा करते, कारण ती तीन प्रकारची असते: प्रसिद्ध झाल्याची, सुधारल्याची आणि सिस्टिमने बातमी उचलल्याची. तिन्ही एकाच रकान्यात घातल्या, तर जुन्या बातमीतला एक स्वल्पविराम बदलला तरी ती वर येऊन ताजी वाटते. ‘२ तासांपूर्वी’ लिहिलंत तरी पूर्ण तारीख आणि टाइम झोन एका क्लिकवर दिसू द्या.

दुसरी डोकेदुखी एकसारख्या बातम्यांची. वृत्तसंस्थेची एकच कॉपी वीस ठिकाणी छापून येते. त्यांचा गट करा, पण बाकीच्या १९ गायब करू नका. त्यातल्या एखाद्या वार्ताहराने स्वतःचा एक परिच्छेद जोडलेला असतो आणि नेमका तोच कामाचा असतो; तेवढा वेगळ्या रंगात आणि शेजारी खूण करून दाखवा, कारण रंग सगळ्यांना सारखे ओळखता येत नाहीत. गट करणारा अल्गोरिदम चुकतोच: एकाच आठवड्यातल्या दोन आगी तो एक समजतो. ‘वेगळं करा’ आणि ‘पूर्ववत करा’ ही दोन बटणं गटावरच हवीत, सेटिंग्जमध्ये नकोत.

शोधशब्दांच्या चौकटीखाली, सेव्ह करण्याआधीच, मागच्या ७ दिवसांत किती बातम्या सापडल्या असत्या तो आकडा आणि दहा नमुने दाखवा. मराठीत हे फारच गरजेचं आहे. ‘निवडणूक’ टाकलं की ‘निवडणुकीत’ सुटतं, कारण सामान्यरूपात (प्रत्यय लागण्याआधीच्या रूपात) मूळ शब्दच बदलतो आणि साधा अक्षरजुळणीचा शोध तिथे हात टेकतो.

अलर्ट सुरुवातीला दिवसातून एकदा, एकत्र पाठवा. तत्काळ अलर्ट फक्त पत्रकाराने स्वतः निवडलेल्या स्रोतांच्या बातम्यांसाठी. सगळंच वाजायला लागलं की माणूस सगळंच बंद करतो.

वेगाचं गणित वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी १९९३ मध्येच मांडलंय: ०.१ सेकंदात उत्तर आलं तर ते लगेच आल्यासारखं वाटतं, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, १० सेकंदांनंतर लक्ष उडतं. फिल्टर बदलल्यावर यादी १ सेकंदाच्या आत यायला हवी.

चाचणी पाच जणांवर घ्या, दुरुस्ती करा, पुन्हा पाच जणांवर घ्या. ‘आवडलं का?’ या प्रश्नाला सगळे हो म्हणतात. त्यापेक्षा ३० बातम्यांच्या गटात एक नवी माहिती ठेवा. ती किती वेळात सापडते आणि ती प्रथम कोणी दिली हे सांगता येतं का, ते बघा. खातरजमेसाठी कोणी मूळ साइट उघडली, तर तिथे त्याने काय शोधलं ते लिहून घ्या आणि ते यादीच्या ओळीत आणा.