फोनचे इंटरनेट लॅपटॉपला देताना
फोनचा हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप जोडणे सोपे असले, तरी लॅपटॉप त्या जोडणीला घरचे वाय-फाय समजतो आणि विंडोजचे अपडेट आपल्या नकळत उतरवून दिवसाचा दीड जीबी डेटा पाहता पाहता संपवू शकतो. म्हणून विंडोज १० किंवा ११ मध्ये त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘मीटर्ड कनेक्शन’ (म्हणजे मोजक्या डेटाची जोडणी) हा पर्याय आधी चालू करावा. त्यामुळे बहुतेक अपडेट थांबून राहतात. काम बराच वेळ चालणार असेल, तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’, म्हणजे केबलमधूनच इंटरनेट देण्याची सोय, वापरणे अधिक बरे, कारण फोन चार्जही होत राहतो, अर्थात लॅपटॉपच्या बॅटरीच्या जिवावर. केवळ चार्जिंगपुरत्या बनवलेल्या स्वस्त केबलने मात्र हा पर्याय निवडताच येत नाही.