मुलांसाठी संकेतस्थळ निवडताना

एखादे शैक्षणिक संकेतस्थळ मुलांच्या हाती देण्यापूर्वी पालकांनी ते स्वतः दहा मिनिटे वापरून पाहावे आणि नाव, फोन क्रमांक न देता तेथे काय काय उघडते, हे आधी तपासावे. पहिल्याच पानावर नोंदणीचा आग्रह धरणाऱ्या ठिकाणांचे लक्ष बहुधा शिकवण्यापेक्षा शिकवण्या विकण्याकडे असते. प्रथम बुक्स या मुलांच्या पुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मात्र मराठी भाषा आणि मुलाची वाचनपातळी निवडली की सचित्र गोष्टी विनामूल्य वाचता येतात. त्याहून माझ्या आवडीचे म्हणजे टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी बनवणारे अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ, कारण ते मुलाला पडद्यापासून उठवते. तेथील कृतीनुसार सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे (बारीक रबरी नळीचे) तुकडे आणि काड्यापेटीतील काड्या जोडून (काड्यांचे गुल मोठ्यांनी आधी खरवडून टाकावे) त्रिकोण आणि चौकोन बनवले असता, बोटाने दाबताच चौकोन कलंडतो, त्रिकोण मात्र तसाच राहतो, आणि पुलांच्या सांगाड्यात त्रिकोणच का दिसतात, हे मूल स्वतःच विचारू लागते. मोठ्या मुलांना विजेचे मंडल (सर्किट) समजून घेण्यासाठी अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाचा फेट (PhET) हा पडद्यावर प्रयोग करू देणारा प्रकल्प उपयोगी पडतो.