मोठा पगार, अर्धा हिशेब: गोव्यातल्या जोडप्यांनो, या चुका टाळा

जुलै आला की म्हापशातल्या माझ्या टेबलावर आयकराच्या ठरावीक फायली येतात. वेर्ण्याच्या औषध कारखान्यातला मॅनेजर, जहाजावरचा चीफ इंजिनिअर, मडगावचा सर्जन. कमाईची ददात कुणालाच नाही. चूक मात्र बहुतेकांची एकच: निवृत्तीची सगळी गुंतवणूक नवऱ्याच्या नावावर आणि त्या गुंतवणुकीचं उत्पन्नही त्याच्याच आयकर रिटर्नमध्ये.

गोव्यात लग्नाआधी नोटरीसमोर वेगळा करार केलेला नसेल, तर पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्याने मालमत्ता दोघांची, निम्मी-निम्मी. आयकर कायदाही हेच धरून चालतो; १९६१ च्या कायद्यात हे कलम ५अ होतं. पगार ज्याचा त्याच्याकडे राहतो. पण घरभाडं, एफडीचं व्याज, दवाखान्याचा नफा, शेअर आणि म्युच्युअल फंडांवरचा भांडवली नफा नवरा-बायकोत अर्धा-अर्धा वाटला जातो. वाटलं तर करू, नाहीतर राहू दे, अशी सोय यात नाही. आणि नसलेलीच बरी! नवरा तीस टक्के कराच्या टप्प्यात बसत असेल आणि बायकोला दुसरं उत्पन्न नसेल, तर व्याजावरचा कर बराच उतरतो. इक्विटीच्या दीर्घकालीन नफ्यावर सव्वा लाखाची सूट दोघांना वेगवेगळी मिळते. ‘बायको घरीच असते, तिचं कसलं रिटर्न?’ म्हणणारे हे पैसे दरवर्षी सोडून देतात.

वाटणी केली तरी नोटीस येते, ती टीडीएसमुळे, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेल्या करामुळे. बँकेने सगळा टीडीएस नवऱ्याच्या पॅनवर कापलेला असतो. हा व्याज दाखवतो अर्धं आणि टीडीएस मागतो पूर्ण. रिटर्नमध्ये पोर्तुगीज नागरी कायदा लागू आहे का, असा सरळ प्रश्न असतो. तिथे ‘हो’ म्हणा, जोडीदाराचा पॅन द्या, उत्पन्नाबरोबर टीडीएसचीही वाटणी दाखवा, आणि जोडीदाराचं रिटर्नही त्याच आकड्यांनी भरा. मुदतीत असाल तर चुकलेलं रिटर्न सुधारून देता येतं.

दुसरी चूक पर्वरीतला तिसरा फ्लॅट. सव्वा कोटीच्या फ्लॅटला महिना तीस हजार भाडं धरलं, तर वर्षाला तीन टक्केही पडत नाहीत. त्यातून सोसायटी, घरपट्टी आणि खाऱ्या वाऱ्याने गंजलेल्या ग्रिल्स. साठीनंतर पैशांची नड लागली तर फ्लॅटची एक खोली विकता येत नाही. शिवाय विकताना दोघांच्याही सह्या लागतात.

‘करमुक्त’ म्हणून गळ्यात मारलेल्या विमा पॉलिसींचंही तसंच. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या पारंपरिक (बाजाराशी न जोडलेल्या) पॉलिसींचा वार्षिक हप्ता मिळून पाच लाखांवर गेला, तर मुदतपूर्तीची रक्कम करमुक्त राहत नाही.

जहाजावरच्यांनी भारतातले दिवस एप्रिल ते मार्च असे मोजावेत. १८२ दिवस भरले की करासाठी निवासी. अनिवासी असताना नवं पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) खातं उघडता येत नाही. एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) खातं उघडता येतं.

नॉमिनी लावला म्हणजे वारस ठरला, हाही एक गैरसमज. शेअर्सच्या बाबतीतही तसं नसतं, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. त्यात मुलं असतील तर गोव्यात माणसाला मृत्युपत्राने आपल्या अर्ध्याचाही अर्धाच भाग मर्जीने देता येतो.

निम्म्या-निम्म्या वाटणीचे हे गोव्याचे नियम नोकरीसाठी कोल्हापूर-बेळगावहून येऊन इथे घर केलेल्यांना आपोआप लागू होत नाहीत. म्हणून फाईल उघडायच्या आधी मी लग्नाच्या नोंदणीचा दाखला मागतो. बहुतेकांना तो कुठल्या कपाटात आहे, हे बायकोला फोन करूनच कळतं.