अमेरिकेत भाषांचे नकाशे बनवताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त चीड आणणारी चूक म्हणजे घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या सगळ्यांना 'इंग्रजी न येणारे' म्हणून रंगवणं. अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेत, म्हणजे सेन्सस ब्युरोच्या दरवर्षीच्या पाहणीत, आधी विचारतात की घरी इंग्रजी सोडून दुसरी भाषा बोलता का, कुठली, आणि मग इंग्रजी कितपत येतं. मदत कुणाला लागेल ते या शेवटच्या प्रश्नावरून कळतं, 'व्हेरी वेल' (खूप चांगलं) या उत्तराच्या खालचे सगळे धरायचे. न्यू जर्सीत एका संस्थेने आरोग्याची पत्रकं वाटायला असाच नकाशा केला होता, त्यात एडिसन आणि पर्थ अँबॉय दोन्ही सारखेच गडद. आता एडिसनमध्ये घरी गुजराती-तेलुगू बोलून दिवसभर ऑफिसात इंग्रजीत काम करणारे ढीगभर लोक, त्यांना भाषांतर कशाला हवंय? बरोबर कॉलम लावल्यावर एडिसन बरंच फिकं पडलं, पर्थ अँबॉय गडदच राहिलं. तोवर पत्रकं छापून वाटूनही झाली होती आणि पर्थ अँबॉयमधल्या स्पॅनिश बोलणाऱ्या म्हाताऱ्यांना पुरली नाहीत, याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसरं, आपल्या लोकांचा आवडता हट्ट: 'मराठी माणसं कुठे राहतात ते ट्रॅक्टनुसार दाखवा'. नाही दाखवता येत! ट्रॅक्ट म्हणजे साधारण 4,000 लोकांचा तुकडा, तिथे मराठी 'इतर इंडो-युरोपियन'मध्ये हिंदी-गुजरातीबरोबर जाते. सविस्तर तक्त्यातही 2016 पासून 'नेपाळी, मराठी व इतर इंडिक' असा एकच गट आहे आणि तो तक्ता ट्रॅक्टसाठी मिळतच नाही. मराठी वेगळी हवी तर मायक्रोडेटा (एकेका माणसाची नाव नसलेली उत्तरं) घ्या, त्यात किमान 1 लाख वस्तीचे प्यूमा नावाचे भाग मिळतात, तेवढ्यावर समाधान माना. ट्रॅक्टचा आकडा अंदाजाने वाटून बारीक ठिपके काढणारे शॉर्टकटवाले मला अजिबात पटत नाहीत.

टक्केवारी काढताना भागायचं 5 वर्षं आणि वरच्या लोकसंख्येने, एकूण नाही. मार्जिन ऑफ एररचा, म्हणजे आकडा किती इकडेतिकडे असू शकतो त्याचा कॉलम उडवू नका, 40 माणसांच्या अंदाजापुढे त्यात 45 लिहिलं असेल तर तो ट्रॅक्ट मी सरळ राखाडी ठेवते. टपालाचे झिप कोड आणि त्यांच्यावरून सेन्ससने आखलेले भाग, झेडसीटीए, एकच नव्हेत.

तक्ता नकाशाला जॉइन होत नसेल तर आधी एक्सेलवर संशय घ्या, कॅलिफोर्नियाच्या 06 या कोडमधलं शून्य तो खाऊन टाकतो, म्हणून जीओआयडी (प्रत्येक भागाचा कोड) मी कायम टेक्स्ट म्हणूनच उघडते. आणि फक्त कनेक्टिकट कोरं दिसत असेल तर 2022 पासूनच्या डेटात तिथे काउंटीऐवजी प्लॅनिंग रीजन आहेत, नवीन शेपफाइल (सीमांची फाइल) उतरवा.