सिम्युलिंकच्या सी कोडमध्ये रिक्वायरमेंटची कॉमेंट दिसत नसेल तर (माझा अनुभव)

रावेरकडच्या केळीबागांसाठी ठिबकच्या पंपाचा कंट्रोलर आम्ही जळगावात सिम्युलिंकमध्ये (ब्लॉक जोडून मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) करतोय. 'विहिरीचं पाणी तळाला गेलं की मोटार बंद' ही रिक्वायरमेंट (कंट्रोलरने पाळायची अट) मॉडेलला लिंक करून जोडलेली होती, पण एम्बेडेड कोडरने (मॉडेलपासून सी कोड काढणारं टूल) काढलेल्या कोडमध्ये तिचा मागमूस नाही. लिंक पुन्हा जोडली, एसएलपीआरजे (आधीच्या बिल्डच्या फायलींचं) फोल्डर उडवून बिल्ड केलं, फरक शून्य. डोकं उठलं.

जमलं ते असं. कंट्रोल-ई दाबून मॉडेलची सेटिंग्ज उघडली, कोड जनरेशनमध्ये टार्गेट फाईल 'ईआरटी डॉट टीएलसी' (एम्बेडेड कोडरची) ठेवली. मग कॉमेंट्समध्ये 'इन्क्लूड कॉमेंट्स' आणि 'रिक्वायरमेंट्स इन ब्लॉक कॉमेंट्स' या दोन्हींवर टिक. आता कॉमेंट उगवली, पण मॉडेलच्या हेडर फाईलमध्ये! खरी गोम इथेच. लिंक व्हर्च्युअल सबसिस्टिमला (फक्त चित्रात ब्लॉक एकत्र दाखवणारा गट) होती. तिला कोडमध्ये स्वतंत्र जागा नसते, म्हणून कॉमेंट वरच्या नॉनव्हर्च्युअल सबसिस्टिमकडे जाते आणि तशी नसेल तर थेट हेडरमध्ये. त्या सबसिस्टिमचे ब्लॉक पॅरामीटर्स उघडून 'ट्रीट अ‍ॅज अ‍ॅटॉमिक युनिट' टिक केलं (म्हणजे ती नॉनव्हर्च्युअल झाली), कंट्रोल-बी दाबून बिल्ड. कॉमेंट त्या सबसिस्टिमच्या कोडपाशीच आली.

मात्र अ‍ॅटॉमिक केल्याने ब्लॉक चालण्याचा क्रम बदलू शकतो, क्वचित अल्जिब्रेइक लूपही (ब्लॉकचं आउटपुट त्याच क्षणी त्याच्याच इनपुटवर अवलंबून राहणं) निघतो. तेव्हा बोर्डावर टाकण्याआधी सिम्युलेशन पुन्हा चालवा.