नोटांचा दुष्काळ पडला तर: गल्लीची आण्यांची वही

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० च्या नोटा बाद झाल्या. मूल्याच्या हिशेबानं चलनातल्या सुमारे ८६ टक्के नोटा एका रात्रीत बिनकामाच्या ठरल्या. कोठीतला गहू मात्र होता तेवढाच होता, शिंप्याचे हात तेच होते, मुलांना गणित शिकवणाऱ्या बाईही शेजारीच राहत होत्या. नाहीसा झाला तो फक्त मधला पैसा. म्हणून इंदूरमध्ये लोकमान्य नगर किंवा सुदामा नगरच्या एखाद्या गल्लीला अशा दिवसांची तयारी करायची असेल, तर पैशाशिवाय कोणते व्यवहार होऊ शकतात ते आधी वेगळं काढावं लागतं.

घरातल्या एका महिन्याच्या खर्चाचे तीन रकाने करा. पहिल्यात जे पैशाशिवाय होतच नाही ते: वीजबिल, कर्जाचा हप्ता, शाळेची फी, सिलिंडर, औषधं. दुसऱ्यात उधारीवर चालेल ते, म्हणजे किराणा आणि बंदीचं दूध (रोज ठरलेलं, महिन्याला हिशेब होणारं). तिसऱ्यात शेजारचं माणूस करू शकेल असं काम. पहिल्या रकान्याची पंधरा दिवसांची रक्कम रोख ठेवा, तीही ५० आणि १०० च्या नोटांत. २०१६ मध्ये नवी २००० ची नोट हातात असूनही सुट्ट्यांअभावी भाजी मिळत नव्हती.

उधारीवर फार विसंबू नका. तुमचा किराणावाला सियागंजच्या घाऊक व्यापाऱ्याकडून माल उचलतो आणि तिथलं देणं त्यालाही थोड्या दिवसांतच चुकवावं लागतं. संकटात ती मुदत आणखी आखडते. त्यामुळे त्याला दर आठवड्याला थोडे का होईना, पैसे देत राहिलं तर खातं उघडं राहतं. महिनाभर काहीच न देणाऱ्याचं खातं सगळ्यात आधी बंद होतं. एप्रिलमध्ये वर्षाचा गहू भरायची माळव्यातली रीत इथे कामी येते. रोज पोळ्या खाणाऱ्या चौघांना महिन्याला साधारण ३० किलो गहू लागतो. तेवढा घरात असला की किराण्याच्या खात्यावरचा मोठा भार उतरतो.

बँकेचंही पाहून घ्या. एका बँकेत एका ठेवीदाराच्या ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींना विमा आहे, तोही मुद्दल आणि व्याज धरून, सगळ्या शाखा मिळून. सहकारी बँकांना तो लागू आहे, पतसंस्थांना नाही. आपल्या लोकांची बरीच पुंजी पतसंस्थांत असते, त्यांनी हा फरक नीट ध्यानात घ्यावा.

आता तिसरा रकाना, म्हणजे शेजाऱ्यांनी एकमेकांसाठी केलेल्या कामाचा हिशेब ठेवणारी वही. १२ ते २० घरं घ्या. आठांहून कमी असली तर कामांत विविधता राहत नाही, पंचवीसच्या वर गेली की लोक एकमेकांना ओळखत नाहीत आणि थकबाकी सुरू होते. एकक रुपया ठेवू नका. ठेवलात की लगेच बाजारभावाची घासाघीस सुरू होते. एक तास काम म्हणजे १६ आणे, पाव तास म्हणजे ४ आणे. काम कुणाचंही असो, दर एकच. यावर कुरबूर होईलच, विशेषतः इलेक्ट्रिशियनकडून. त्याचा येण्याजाण्याचा वेळ मोजा, पण दर बदलू नका. सामानाचे पैसे नेहमी रोख किंवा वस्तूच्या रूपात द्यायचे, वहीत फक्त श्रम चढवायचे. पोळ्या हव्या असतील तर कणीक तुम्ही द्यायची. एक किलोच्या ३० ते ३५ होतात. लाटणारीला दीड तास लागला, तर तिला २४ आणे जमा आणि तुमच्या नावे २४ आणे.

प्रत्येक नोंदीत तारीख, काम, आणे, देणारा, घेणारा आणि दोघांच्या सह्या. चार मुलांची तासाभराची शिकवणी असेल तर शिकवणाऱ्याला १६ जमा आणि चारही घरांच्या नावे ४-४. महिनाअखेरीस सगळ्या घरांच्या शिलकांची बेरीज शून्य यायला हवी. येत नसेल तर एखादी नोंद एकाच बाजूला चढली आहे. ती सापडेपर्यंत नवं पान उघडू नका. वही लिहिणाऱ्याला महिन्याला ३२ आणे मिळावेत, ते प्रत्येक घराकडून समान वाट्यानं. फुकटात लिहिलेली वही तिसऱ्या महिन्यात मागे पडते.

मर्यादा पहिल्याच दिवशी ठरवा: कुणाच्याही नावे १६० आण्यांपेक्षा जास्त चढणार नाहीत, म्हणजे दहा तास. नुसतंच घेणाऱ्याला ही अट थोपवते. खरी अडचण मात्र साठवणाऱ्यांची असते. शिवणकाम करणारीकडे दीडशे आणे पडून राहतात, कारण तिला हवं ते कुणी देत नाही, आणि बाकीच्यांच्या मर्यादा भरत जातात. ऑस्ट्रियातल्या व्योर्गल गावानं १९३२ मध्ये नोटांसारख्या चालणाऱ्या स्वतःच्या पावत्या काढल्या, तेव्हा त्यांवर दरमहा एक टक्क्याचं तिकीट चिकटवावं लागे, म्हणजे कुणी त्या दाबून ठेवू नयेत. वहीत याचं सोपं रूप असं: ८० च्या वर जमा असेल, तर दरमहा ४ आणे सामाईक खात्यात टाकायचे, आणि महिनाअखेरच्या बेरजेत तेही खातं धरायचं. त्यातून एकट्या राहणाऱ्या आजोबांसोबत एमवाय या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत बसणं, अशी कामं करवून घ्या. सगळीच घरं पापड-लोणच्याची कामं देऊ करत असतील, तर नवीन घर घेताना नळदुरुस्ती किंवा गाडी चालवणारं माणूस शोधा.

आण्यांची कूपनं मात्र छापू नका. अर्जेंटिनात डिसेंबर २००१ मध्ये बँक खाती गोठली, आठवड्याला २५० पेसोच काढता येत, आणि लाखो लोक अदलाबदलीच्या मंडळांकडे वळले. पुढच्या वर्षी त्यांच्या पावत्या भरमसाट छापल्या गेल्या, खोट्याही निघाल्या, आणि भाव चढून बरीच मंडळं बसली. आपल्याकडे तर कायद्याचाही प्रश्न आहे: धारकाला मागताक्षणी देय अशी हुंडी किंवा वचनचिठ्ठी काढायला रिझर्व्ह बँक कायदा, १९३४ च्या कलम ३१ नं मनाई आहे. सराफ्यातल्या हुंडीचे दिवस गेले. वहीतली नोंद कुणाच्या हाती फिरत नाही, म्हणून तिच्यावरच थांबा.

बीसीचे (भिशीचे) पैसे या वहीत मिसळू नका, दोन्ही हिशेब बुडतात. बाजारात नोटा परत आल्या की उरलेले आणे रुपयांत बदलून मागणारे भेटतील. तसं करू नका. शिलका कामानं फेडायला दोन महिने द्या. त्यानंतरही राहिलेल्या नोंदींवर सर्वांसमोर रेघ मारून सह्या घ्या आणि वही ज्यानं लिहिली त्याच्याच घरी ठेवा.